मोंजीने बांधलेलं इंजिन

लझरच्या बोटीची ताकद गेलीय हे कळलं ते मंगळवारी, शेब्बाच्या बंदरापासून दोन मैलांवर, आणि तेही चारचौघांच्या देखत.

सहा सिलिंडरचं ते ट्रकचं इंजिन बावीस वर्षं त्याच्या बोटीत होतं. म्हातारं झालं, तेल प्यायला लागलं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्याने ते बाहेर काढून मेव्हण्याच्या, म्हणजे मोंजीच्या, कारखान्यात टाकलं. मोंजीने ते पार खोललं. लायनर नवे, पिस्टन नवे, रिंगा आणि बेअरिंगं नवी. शनिवारी इंजिन परत बोटीत बसलं आणि मंगळवारी पहिली फेरी निघाली.

बंदराचा बांध मागे पडल्यावर लझरने लिव्हर पुढे ढकललं. इंजिन गुरगुरलं, फेऱ्यांचा काटा चौदाशेवर गेला आणि तिथेच बसला. त्याने लिव्हर शेवटपर्यंत दाबलं. काटा हलेना. धुराड्यातून मात्र काळाकुट्ट धूर निघायला लागला. दुरुस्तीआधी हेच इंजिन खोकत होतं, कण्हत होतं, तेव्हासुद्धा अठराशे फेरे द्यायचं.

"नाखवा," जाळ्यावर बसलेला खमैस म्हणाला, "नांगर वर घेतलाय ना आपण?"

खमैस वीस वर्षांपासून त्याच्या बोटीवर होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"तोंड बंद ठेव."

"मी बंद ठेवतो. पण बूजमाचं कसं ठेवणार?"

लझरने मागे पाहिलं. बूजमाची बोट बंदरातली सगळ्यांत रडकी बोट. तिला मागे टाकलं असं कधी कोणी सांगितलंही नसतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तीच बोट आता शेजारून पुढे निघाली होती, आणि बूजमा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, "लझर! दोरी टाकू का? लाजू नकोस, आपलीच माणसं आहोत!"

त्याचे दोघं खलाशी पोट धरून हसले. लझरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने जाळं टाकलंच नाही. तिथल्या तिथे बोट वळवली, चौदाशे फेऱ्यांवर रखडत बंदरात आणली, आणि पायातले रबरी बूटही न काढता थेट मोंजीच्या कारखान्यावर गेला.

मोंजी एका पंपाचे भाग डिझेलमध्ये धूत बसला होता. लझरला पाहून त्याने फडक्याला हात पुसले.

"या दाजी. कशी झाली फेरी?"

"तू बांधलंस काय रे? इंजिन की शिवणयंत्र?"

"का, काय झालं?"

"चौदाशे. चौदाशेच्या पुढे काटा जात नाही. बूजमा मला दोरी टाकत होता, बूजमा! बोटीवर तीस वर्षं काढली मी, हा दिवस बघायला?"

"धूर कसा येतोय?"

"काळा. तुझ्या तोंडासारखा."

मोंजीने ते मनावर घेतलं नाही. "काळा धूर म्हणजे एक तर भार जास्त, नाहीतर हवा कमी. डिझेल जातंय पण पूर्ण जळत नाहीये. पंखा बघितलात का? दोन महिने बोट उभी होती. पात्यांना शिंपले धरले असतील."

"गेल्याच आठवड्यात पाणबुड्या उतरवला होता. पंखा आरशासारखा आहे. तळ साफ आहे."

"मग इंजिनघराला हवा? तो फळ्यांचा खोका मोकळा आहे ना?"

"मोकळा आहे."

"नक्की?"

"मोकळा आहे म्हटलं ना! माझ्या बापाने बांधलेला खोका आहे तो. पंखा तोच, तळ तोच, खोका तोच, डिझेल त्याच पंपावरचं. बदललं ते एकच. इंजिनाला तुझे हात लागले."

एवढं बोलून तो निघाला. रस्ताभर तो स्वतःशी बडबडत होता. आपण खोटं बोललो असं त्याला वाटलं नव्हतं. त्या खोक्यात आता काय आहे ते त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर आलंही नव्हतं.

खोका म्हणजे केबिनच्या मागच्या भिंतीत उभा बांधलेला, माणूस मावेल एवढा रुंद लाकडी मार्ग. वर बाहेरून जाळी, खाली इंजिनघर, आणि मधे साफसफाईसाठी केबिनच्या आतून एक छोटं दार. इंजिनघराचं झाकण बंद असलं की इंजिनाला हवा मिळते ती तिथूनच. लझरला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? पण दोन महिन्यांपूर्वी खाली इंजिनच नव्हतं. नुसता खड्डा होता. तेव्हा तो खोका म्हणजे एक कोरडं, बंद होणारं कपाट होतं.

इंजिन कारखान्यात गेलं त्याच्या नवव्या दिवशी त्याची बायको शाद्लिया वारली. आजारी होती, पण इतकी नव्हती. निदान त्याला तसं वाटत होतं. सकाळी तिने पाव भाजला होता, टोमॅटोची चटणी केली होती, आणि दुपारी ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी मोंजीची बायको सलूहा आणखी दोघींना घेऊन आली. गेलेल्या माणसाचे कपडे गरिबांना द्यायचे असतात. ते घरात ठेवू नयेत, ठेवले की घरातलं दुःख बूड टेकून बसतं, असं बायका म्हणतात. त्यांनी कपाट उघडलं आणि घड्या घालायला सुरुवात केली. हिवाळ्याचा कोट, नमाजाचे कपडे, दोन लोकरी पांघरुणं, लग्नाआधी तिने स्वतः विणलेली शाल. सलूहा प्रत्येक कपडा हातात घेऊन बोलत होती, हा ईदचा, हा मोंजीच्या लग्नातला. लझर दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "बांधून ठेवा. मशिदीत मी नेतो."

त्याने तिन्ही गाठोडी हातगाडीवर घातली आणि मशिदीच्या रस्त्याला लागला. मशीद आली तेव्हा तो थांबला नाही. हातगाडी सरळ बंदरावर नेली, आणि ती गाठोडी त्या खोक्यात कोंबली. तिसरं जाईना, तर गुडघ्याने दाबून बसवलं. आठवड्याने मोंजी आला होता. आपल्या आणि शाद्लियाच्या आईला ती शाल हवीय म्हणाला, बाकी काही नको. लझर म्हणाला, सगळं देऊन टाकलं. मोंजी मान हलवून गेला.

त्यानंतर लझर रोज सकाळी बोटीवर जायचा. दाराला हात लावायचा, उघडायचा नाही. ती जागा त्याच्या लेखी हवेची राहिलीच नव्हती. शनिवारी मोंजीने इंजिन बसवलं तेव्हाही लझर दारापाशीच उभा होता, आणि तरी त्याला ते सुचलं नाही.

बुधवारी सकाळी मोंजी हत्यारांची पेटी घेऊन बोटीवर आला. इंजिनघराचं झाकण उचलून आत कमरेपर्यंत उतरला आणि तीन तास बाहेर आला नाही. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. टाकी सोडून एका डब्यातून थेट डिझेल देऊन पाहिलं. सगळी नोझलं काढून त्यांचा फवारा तपासला. पंपाचं टायमिंग पुन्हा जुळवलं. लिव्हरची तार पंपापर्यंत पूर्ण खेचली जाते का ते खमैसला लिव्हर ओढायला लावून बघितलं. धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन घड्याळासारखं चालत होतं.

"धक्क्याला बांधून तर बूजमाचं इंजिनसुद्धा पळतं," लझर वरून म्हणाला. "समुद्रात चल."

ते समुद्रात गेले. मोंजी झाकण उघडं टाकून आतच बसला, कानाला लाकडाची दांडी लावून एकेका सिलिंडरचा आवाज ऐकत. काटा अठराशेवर गेला, अठराशे पन्नासवर गेला. धूर जवळजवळ नाहीच. मोंजीने बाहेर डोकं काढलं. तोंड काजळीने माखलेलं, पण हसत होता.

"बघा दाजी. घोडा आहे घोडा!"

लझरने बोट बंदराकडे वळवली. त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलं नाही. त्याला भांडण हवं होतं, आणि मोंजीने ते काढून घेतलं होतं.

पण गुरुवारी तो आणि खमैस दोघंच निघाले. वारा होता, पाणी डेकवर उडत होतं, म्हणून झाकण लावलेलं. काटा चौदाशेवर गेला आणि बसला. काळा धूर. खमैसने यावेळी विनोद केला नाही, यावरूनच लझरला कळलं की आपला चेहरा कसा झाला असेल.

"त्याला बघून नीट चालतं आणि मला बघून रुसतं," लझर म्हणाला. "त्याने काहीतरी करून ठेवलंय. माझ्यासमोर नाटक केलं."

"मोंजी?" खमैस म्हणाला. "नाखवा, मोंजीला नाटक जमत असतं तर तो एव्हाना श्रीमंत झाला असता."

"तू कोणाचा माणूस आहेस, माझा की त्याचा?"

"मी माशांचा माणूस आहे. तीन दिवस झाले, एक मासा बघितला नाही."

त्या दिवशी दुपारी लझर बंदराच्या अमीनकडे गेला. हाजी तिजानी. पंचाहत्तरी उलटलेला, स्वतः चाळीस वर्षं इंजिनं चालवलेला म्हातारा. कारागीर आणि नाखवा यांच्यात वाद झाला की तो ऐकायचा. त्याच्याकडे कागद नसे, शिक्का नसे. तो एवढंच करी की दोष कोणाचा ते बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात बसून मोठ्याने सांगे. ते पुरे होई. ज्या सुताराबद्दल त्याने शेवटचं सांगितलं होतं तो आता स्फाक्सच्या रस्त्यावर टॅक्सी चालवत होता. मोंजीच्या बाबतीत हाजी तसं बोलला असता तर शेब्बात त्याच्या हातात कोणी इंजिन दिलं नसतं. लझरला हे पुरतं माहीत होतं. त्याला तेच हवं होतं.

हाजीने मोंजीलाही बोलावलं. दुकानात पंधरा-वीस जण होते आणि सगळे न ऐकल्यासारखं करून ऐकत होते.

"बोल लझर."

लझरने सगळं सांगितलं. चौदाशे, धूर, बूजमा, दोरी. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, तसा त्याचा आवाज चढला.

"इंजिन सोडून बोटीत आणखी काय बदललं?" हाजीने विचारलं.

"काही नाही."

"नीट आठव."

"काही नाही म्हटलं ना हाजी! बदललं ते इंजिन. आणि ते का बिघडलं ते मी सांगतो. हा ते बांधत होता तो महिना कुठला होता? बहीण मेली तो महिना. हात इंजिनात आणि डोळे रडण्यात. कुठे काय बसवलं याला तरी ठाऊक आहे का?"

कॉफीवाल्याने नळ बंद केला.

मोंजी हळूहळू उठला. "दाजी, हे परत बोला."

"का, ऐकू नाही आलं?"

"आलं. तुम्हाला ऐकू आलं का ते बघत होतो." तो लझरसमोर येऊन उभा राहिला. "बहीण गेल्यावर मी चार दिवस कारखाना बंद ठेवला. पाचव्या दिवशी उघडला आणि पहिलं हे इंजिन हातात घेतलं, कारण ते तिच्या घरचं होतं. एकेक बोल्ट दोनदा आवळलाय मी. मला रडू आलं तर मी बाहेर जाऊन रडत होतो. हाजी, उद्या सकाळी समुद्रावर चला. तुम्ही स्वतः बघा. दोष माझा निघाला तर मी कारखान्याची किल्ली तुमच्या हातात देईन."

"दे," लझर म्हणाला. "साक्षीला हे सगळे आहेत."

शुक्रवारी सकाळी चौघं निघाले. हाजीने घरून स्वतःचं स्टूल आणलं होतं. ते त्याने केबिनच्या दारात ठेवलं आणि त्यावर हातात जपमाळ घेऊन बसला. उत्तरेचा वारा होता, पाणी उडत होतं.

"मी रोज जसं चालवतो तसंच चालवणार," लझर आधीच म्हणाला. "झाकण बंद. कोणी आत उतरायचं नाही, कोणी कान लावायचा नाही. परवा याने आत बसून काय जादू केली देव जाणे."

"बंद तर बंद," हाजी म्हणाला.

लिव्हर पुढे गेलं. काटा चौदाशेवर बसला. धुराड्याने काळा धूर ओकला आणि वाऱ्याने तो सगळ्यांच्या तोंडावर आणला.

"बघा!" लझर ओरडला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. "बघा हाजी! हा घोडा! याला म्हणतात घोडा!"

मोंजीचं तोंड उतरलं होतं. "मला आवाज ऐकू द्या. खमैस, झाकण उचल."

खमैस वाकला, दोन्ही कड्या धरल्या आणि ओढल्या. झाकण हललं नाही. त्याने पाय रोवून पुन्हा ओढलं.

"फुगलंय लाकूड," तो धापा टाकत म्हणाला. "रोजचंच आहे हाजी. लिव्हर मागे घेतलं की उघडतं."

हाजीच्या हातातली जपमाळ थांबली. "काय म्हणालास?"

"लिव्हर मागे घेतलं की उघडतं."

"लाकडाला लिव्हर कळतं का रे, गाढवा?"

हाजीने लझरला खूण केली. लझरने लिव्हर मागे घेतलं. इंजिन मंदावलं. खमैसने कड्या ओढल्या तर झाकण एका हाताने वर आलं.

"बंद कर. आता लझर, पुन्हा पूर्ण पुढे घे. ओढ रे."

झाकण जमिनीत रुतल्यासारखं बसलं होतं.

"इंजिन त्याला आतून ओढून धरतंय," हाजी म्हणाला. "त्याला श्वास मिळत नाहीये, म्हणून जिथून मिळेल तिथून ओढतंय. मोंजी, तू परवा झाकण उघडं ठेवलं होतंस?"

"हो." मोंजीने कपाळावर हात मारला. "आत बसलो होतो ना. धक्क्यावर पण उघडंच होतं. मीच गाढव." आणि मग तो वळला, केबिनच्या मागच्या भिंतीकडे. "दाजी, तो खोका."

लझरला तेव्हा कळलं. एका क्षणात सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर राग उसळला. कोणाचा ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने सुकाणू सोडलं आणि त्या छोट्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"खोका मोकळा आहे."

"उघडून दाखवा."

"माझी बोट आहे. मी सांगतो मोकळा आहे, म्हणजे मोकळा आहे."

"दाजी, तुम्ही माझं पोट मारायला निघाला होतात. बाजूला व्हा."

"हात लावलास तर बघ."

"नाखवा, सुकाणू!" खमैस ओरडला आणि धावत येऊन त्याने चाक धरलं. बोट आडवी होऊन लाटेवर झोकांडत होती. मोंजीने लझरचा खांदा धरून ओढला. लझरने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मोंजी हाजीच्या स्टुलावर आदळला, उठला, ओठातलं रक्त मनगटाने पुसलं आणि काही न बोलता पुन्हा आला. यावेळी त्याने दोन्ही हातांनी लझरला बाजूला सारलं. लझर साठीला आला होता. मोंजी रोज इंजिनं उचलत होता.

दार उघडलं. आत गाठोडं होतं. मोंजीने ते ओढलं, त्याच्या मागे दुसरं. सगळ्यांत आधी कोंबलेलं ते तिसरं खाली, इंजिनघराच्या तोंडावरच्या लोखंडी गजांवर ओढलं जाऊन घट्ट चिकटलं होतं. ते सोडवताना कापड फाटल्याचा आवाज झाला.

काटा आपोआप वर चढला. सोळाशे, अठराशे, अठराशे पन्नास. धूर पातळ झाला आणि मग दिसेनासा झाला. बोट पाण्यावर उचलली गेली.

मोंजी गुडघ्यांवर बसला होता. तिसऱ्या गाठोड्याची गाठ सुटली होती आणि त्यातून शाल बाहेर आली होती. तेलाच्या वाफेने काळी पडलेली, गजांच्या रेघा उमटलेली, एका काठाला फाटलेली.

"ही ताईची शाल आहे," तो म्हणाला.

त्याने मान वर करून लझरकडे पाहिलं.

"तुम्ही मला सांगितलंत, दिली म्हणून." त्याचा आवाज कारखान्यात बोलावा तसा साधा होता, पण मग तो चढत गेला. "आई रोज विचारते. रोज! म्हणते कोणाला दिली ते शोध, त्यांच्याकडून मागून आण, मला एकदा तिचा वास घेऊ दे. मी चार घरं फिरलो दाजी. लोकांच्या दारात उभा राहून विचारलं, माझ्या बहिणीची शाल तुमच्याकडे आली का. आणि ती इथे होती? इंजिनाच्या तोंडात?"

"मला ती द्यायची नव्हती," लझर म्हणाला.

"मग तसं सांगायचं! मला नाही द्यायची, एवढं सांगायचं! मी काय हिसकावून घेतली असती? तुमचीच बायको होती ती? माझी कोणी नव्हती?"

लझरला काहीतरी बोलायचं होतं. तोंडात आलं ते भलतंच. "तू परवाच खोका उघडून बघायला हवा होतास. कसला कारागीर तू?"

ते बोलताना त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

मोंजीने शाल नाकाशी नेली. मग ती खाली ठेवली, घडी न घालता. "डिझेलचा वास येतोय," तो म्हणाला. "आईला काय देऊ ही? ठेवा तुमच्याकडे."

तो बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसला आणि धक्का येईपर्यंत त्याने तोंड फिरवलं नाही. बोट झाकण लावून अठराशे पन्नासवर धावत होती. लझरने शाल हातात घेतली आणि तिचा वास घेतला. डिझेलचाच होता. त्याला शाद्लियाचाही राग आला. ती अशी न सांगता गेली, तिच्या मागे एवढे कपडे राहिले, आणि त्यांचं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. तिच्यावर तो एकतीस वर्षांत कधी ओरडला नव्हता असं नाही, पण आता ओरडायलाही कोणी समोर नव्हतं.

धक्क्यावर मोंजी दोरी बांधायची वाट न बघता उडी मारून उतरला आणि गेला.

"चल," हाजीने स्टूल काखेत घेतलं. "दुकानात सगळे बसलेत. मी सांगू शकतो, पण मी सांगणार नाही. काल तू बोललास ना तोंड वर करून? आज पण तूच बोल."

लझर गेला. बूजमा दारातच होता. "काय रे, निघाला का मोंजी चोर?"

"मोंजीने इंजिन चोख बांधलंय," लझर मोठ्याने म्हणाला. "चूक माझी होती. इंजिनघराची हवा मी बंद केली होती."

"कशाने?"

"कपड्यांनी."

"कसल्या कपड्यांनी?"

"बूजमा," हाजी म्हणाला, "तुझी कॉफी थंड होतेय."

कोणी पुढे विचारलं नाही, आणि न विचारण्याचाही लझरला राग आला. सगळ्यांना कळलं होतं. सगळे कपाकडे बघत होते. त्याने कॉफी घेतली नाही.

ही गोष्ट झाल्याला आता पाच आठवडे झाले. मोंजीच्या कारखान्यात काम कमी झालेलं नाही. उलट वाढलं, लोक म्हणतात लझरच्या बोटीसारखं इंजिन बांधून दे. लझर रोज समुद्रावर जातो. मासळी बरी मिळते. शाल त्याने दोनदा साबणाने धुतली, मग धुणं थांबवलं, कारण डिझेल जाईना आणि उरलंसुरलं जे असेल ते जाईल अशी भीती वाटली. खमैस रोज सकाळी एकदा म्हणतो, "जाऊन या ना नाखवा, तो काय खातोय का तुम्हाला," आणि रोज सकाळी लझर त्याला तोंड बंद ठेवायला सांगतो.

लझर कारखान्याकडे दोनदा गेला होता. एकदा कोपऱ्यापर्यंत, आणि एकदा दारापर्यंत. दार उघडं होतं. मोंजी पाठमोरा बसून काहीतरी घासत होता, आणि सलूहा त्याच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने लझरला पाहिलं, पण हाक मारली नाही. लझरला वाटलं, हाक मारायला काय झालं हिला. तो तसाच परत फिरला, रस्ताभर तिला शिव्या घालत. त्यातली एकही तिला लागू नव्हती, हे त्याला माहीत होतं.

मोंजीची माफी मागायची राहिली आहे.